सोळा अंकांची ओळख : प्रस्तावना

नवा सर्व्हर रॅकमध्ये बसला, वीज मिळाली, ऑपरेटिंग सिस्टिम चढली, की तो सांभाळणाऱ्या माणसाला स्टोरेजवाल्यांकडून एका ओळीचा निरोप येतो : ‘डब्ल्यूडब्ल्यूएन पाठवा.’ ती एक गोष्ट हाती पडल्याशिवाय पुढचे पान हलत नाही. डेटाबेससाठी मागितलेली जागा स्टोरेजच्या पेटीत तयार असते, स्विचवर पोर्ट मोकळे असते, केबलही ओढून झालेली असते. पण या जागेचा धनी कोण हे स्टोरेजला कळल्याशिवाय ती जागा सर्व्हरला दिसत नाही. ते कळवणारा सोळा अंकी आकडा कुठे सापडतो, कसा वाचायचा आणि आपण पाठवतो आहोत तो आपल्याच कार्डाचा आहे याची खात्री कशी करून घ्यायची, हा या पुस्तिकेचा विषय.

यावर कुणी म्हणेल, यासाठी पुस्तिका कशाला? एक कमांड दिली की आकडा पडद्यावर येतो. येतो, हे खरेच. आकडा मिळवणे हे या कामातले सर्वांत सोपे अंग आहे. तो आकडा कोणत्या कार्डाच्या कोणत्या पोर्टचा, ते पोर्ट कोणत्या केबलने कोणत्या स्विचला जोडलेले आहे आणि कार्ड बदलले तर तो आकडा राहील की जाईल, ही सांगड घालता येणे म्हणजे हे काम येणे. कमांड पाठ असलेली माणसे पुष्कळ भेटतात. रात्री दोन वाजता, चेंज विंडो संपायला अर्धा तास उरलेला असताना, ‘लन दिसत नाही’, म्हणजे स्टोरेजने दिलेली जागा दिसत नाही, या तक्रारीचे मूळ सर्व्हरमध्ये, केबलमध्ये की स्विचवरच्या झोनमध्ये हे सांगू शकणारी थोडी.

असा आकडा लागतोच का, हे समजायला थोडे मागे जावे लागते. सर्व्हरच्या डिस्क जेव्हा त्याच्याच पोटात किंवा शेजारच्या डब्यात असत, तेव्हा जाड, चपटी स्कझी केबल दोघांना जोडत असे. त्या केबलवर प्रत्येक उपकरणाला ० ते ७ किंवा पुढे ० ते १५ यांपैकी एक क्रमांक असे आणि तो बहुधा इवलासा जंपर हलवून हाताने ठरवलेला असे. शेजारच्या सर्व्हरच्या डिस्कलाही ३ हाच क्रमांक असला तरी कुणाचे बिघडत नव्हते, कारण दोन्ही केबली एकमेकींना कधी भेटतच नव्हत्या. १९९४ मध्ये अन्सी या अमेरिकी मानकसंस्थेने फायबर चॅनलचे पहिले मानक मंजूर केले आणि डिस्क सर्व्हरच्या पोटातून बाहेर पडून एका सामाईक जाळ्यावर आल्या. आता एकाच पेटीतली जागा वीस सर्व्हरांत वाटता येऊ लागली. त्याचबरोबर, अडवले नाही तर वीसही सर्व्हरांना ती सगळी दिसू लागली. विंडोज एनटीचा डिस्क अॅडमिनिस्ट्रेटर तर अनोळखी डिस्क दिसली की तिच्यावर सही करू का असे विचारत असे. घाईत ‘हो’ म्हणणाऱ्याने दुसऱ्याच कुणाच्या युनिक्सची डिस्क बिघडवावी, ही भीती खोटी नव्हती. म्हणून दोन कुंपणे आली. स्विचवर झोनिंग, म्हणजे कोणते पोर्ट कोणत्या पोर्टशी बोलू शकेल याची यादी. आणि स्टोरेजवर मास्किंग, म्हणजे कोणते लन कुणाला दाखवायचे याची यादी. दोन्ही याद्यांना नावे लागतात, आणि ती जगात पुन्हा कुठेही न येणारी लागतात. वर्ल्ड वाइड नेम, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएन, ते हेच.

हे नाव एचबीए कार्डावर, म्हणजे सर्व्हरला स्टोरेजच्या जाळ्याशी जोडणाऱ्या कार्डावर, कारखान्यातच कोरलेले असते. पण फॅब्रिकमध्ये, म्हणजे स्विचांच्या या जाळ्यात, फिरणाऱ्या प्रत्येक फ्रेमवर हे नाव नसते. ६४ बिटांचे नाव दर फ्रेमला वाहून नेणे महागात पडले असते. म्हणून कार्ड स्विचला जोडले गेले की आधी लॉगिन करते, आपले नाव सांगते, आणि स्विच त्याला २४ बिटांचा एक पत्ता देतो : पहिले आठ बिट कोणता स्विच, पुढचे कोणता भाग आणि कोणते पोर्ट. रेल्वेच्या आरक्षण तक्त्यात नाव आणि बर्थ शेजारीशेजारी असतात, तसे हे दोन आकडे स्विचच्या नेम सर्व्हरमध्ये शेजारीशेजारी असतात. डबा बदलला की बर्थ बदलतो, प्रवाशाचे नाव तेच राहते. केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात लावली की २४ बिटांचा पत्ता बदलतो, ६४ बिटांचे नाव बदलत नाही. नवखी माणसे स्विचच्या यादीतला छोटा सहा अंकी आकडा उचलून झोनमध्ये घालायला निघतात, ती या दोघांत गल्लत झाल्यामुळे.

आता त्या नावाची चिरफाड करू, कारण ती एकदा कळली की अर्धे घोटाळे नुसत्या नजरेने पकडता येतात. सोळा अंक, प्रत्येक अंक ० ते ९ किंवा ए ते एफ, आणि वाचायला सोपे जावे म्हणून दोनदोनच्या आठ जोड्या. सगळ्यांत पहिला अंक पुढचे कसे वाचायचे ते सांगतो. तो १ असेल तर पुढचे तीन अंक शून्य आणि उरलेले बारा म्हणजे नेटवर्क कार्डाच्या मॅक अॅड्रेससारखाच ४८ बिटांचा आकडा. २ असेल तर मधले तीन अंक कंपनीच्या मर्जीचे, पुढचे बारा तसेच. ५ असेल तर मांडणी वेगळी : ५ नंतरचे सहा अंक कंपनीचे आणि उरलेले नऊ कंपनीने आपल्या मालाला वाटायचे. कंपनीचे हे सहा अंक आयट्रिपलई ही संस्था देते; नेटवर्क कार्डांना देते तेच, त्याच वहीतून.

उदाहरणार्थ, १०:००:००:००:सी९:३एफ:७ए:१२ असा आकडा दिसला की पहिल्या दोन जोड्या बाजूला ठेवायच्या. पुढच्या तीन, ००:००:सी९, म्हणजे एम्युलेक्स. २१:००:००:ई०:८बी ने सुरू झाला तर ००:ई०:८बी म्हणजे क्यूलॉजिक. आणि सुरुवात २१:०१ अशी असेल तर तो त्याच कार्डाच्या दुसऱ्या पोर्टचा असण्याचा संभव मोठा. स्टोरेजच्या पेट्या बहुतेक ५ वाल्या. ५०:०६:०ई:८ मधला ५ सोलला की ००६०ई८ उरते, ती हिताची. ५०:०ए:०९:८ मधून ००ए०९८ निघते, ती नेटअॅप. ५०:०६:०१:६ मधून ००६०१६ निघते, ती क्लॅरियन. या आकड्यांत एक गंमत आहे. क्लॅरियनची मूळ कंपनी डेटा जनरल १९९९ मध्ये ईएमसीने घेतली, ईएमसी २०१६ मध्ये डेलने घेतली. एम्युलेक्स २०१५ मध्ये अॅवॅगोकडे गेली आणि अॅवॅगोने पुढच्याच वर्षी ब्रॉडकॉम हे नाव घेतले. क्यूलॉजिक आधी कॅव्हियमकडे आणि मग २०१८ मध्ये मार्व्हेलकडे. पाट्या बदलल्या, आकडे तेच राहिले. डेटा सेंटरमधला झोनसेट, म्हणजे स्विचवरचा सगळ्या झोनांचा संच, उघडून पाहिला तर तीस वर्षांतल्या विक्री-खरेदीचा इतिहास त्यात अंकांत लिहिलेला सापडतो.

कंपनीचे अंक वाचता येण्याचा फायदा हौसेपुरता नाही. कुणी ‘सर्व्हरचा डब्ल्यूडब्ल्यूएन’ म्हणून ५०:०६:०ई:८ ने सुरू होणारा आकडा पाठवला, तर त्याने सर्व्हरचा नव्हे, स्टोरेजच्या पोर्टचा आकडा उचलला आहे हे तिथल्या तिथे कळते. ५०००सी५००ने सुरू होणारा पाठवला तर तो सीगेटच्या डिस्कचा. आजकालच्या सास आणि साटा डिस्कनाही असेच नाव असते आणि ते लेबलावर छापलेलेही असते. ६ ने सुरू होणारा बत्तीस अंकी आकडा आला तर ते लनचे नाव आहे, कार्डाचे नव्हे. आणि सास कंट्रोलरलाही एचबीएच म्हणतात, त्याचाही पत्ता ५ नेच सुरू होतो. सर्व्हरमध्ये फायबर चॅनलचे कार्डच बसवलेले नसताना त्याचा ‘डब्ल्यूडब्ल्यूएन’ मात्र स्टोरेज टीमकडे पोहोचलेला, असे प्रकार त्यामुळे घडतात.

नावे दोन प्रकारची असतात, हे इथेच स्पष्ट केलेले बरे. एक नोडचे, डब्ल्यूडब्ल्यूएनएन. दुसरे पोर्टचे, डब्ल्यूडब्ल्यूपीएन. बोलताना दोन्हींना सरसकट डब्ल्यूडब्ल्यूएन म्हणतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. झोनिंगला आणि मास्किंगला पोर्टचे नाव हवे असते. एम्युलेक्सच्या कार्डांत पोर्टचे नाव १० ने आणि नोडचे २० ने सुरू होते. क्यूलॉजिकमध्ये पोर्टचे २१, नोडचे २०. सर्व्हरच्या बाजूने २० ने सुरू होणारा आकडा आला तर एकदा हटकावे. हा नियम मात्र सर्वत्र लागू नाही. सिस्कोच्या यूसीएस सर्व्हरांत प्रशासकाने पूलमधून दिलेली पोर्टची नावेही २०:००:००:२५:बी५ ने सुरू होतात.

मग आकडा शोधायचा कुठे? पुढची बहुतेक प्रकरणे एकेका ऑपरेटिंग सिस्टिमला वाहिलेली आहेत, म्हणून इथे फक्त त्यांचे स्वभाव सांगतो.

लिनक्समध्ये आज कुठलेही खास साधन लागत नाही. सिस नावाच्या झाडात क्लास, त्याखाली एफसी-होस्ट, त्याखाली होस्ट-३, होस्ट-४ असे फोल्डर, आणि प्रत्येकात पोर्ट-नेम नावाची एका ओळीची फाइल. शेजारीच नोड-नेम, पोर्ट-स्टेट, स्पीड. पोर्ट-स्टेटमध्ये ‘ऑनलाइन’ आहे की ‘लिंकडाउन’ हे त्याच वेळी पाहून घ्यावे. नाव बरोबर आणि केबल सुटलेली, ही जोडी फार वेळ खाते. २.६ च्या आधीच्या कर्नेलवर हीच माहिती प्रॉक झाडात, ड्रायव्हरच्या नावाच्या फोल्डरात लपलेली असे. लिनक्सची खोड एकच : होस्ट-३ मधला ३ हा कायमचा नाही. ड्रायव्हर पुन्हा चढवला, नवे कार्ड घातले, की क्रमांक सरकू शकतो. म्हणून होस्ट-क्रमांकावर विसंबू नये. त्या फोल्डरातून पीसीआय पत्त्यापर्यंत आणि तिथून स्लॉटपर्यंत जावे. हा प्रवास कसा करायचा याला लिनक्सच्या प्रकरणातली निम्मी पाने दिली आहेत.

या बाबतीत एआयएक्स मला सगळ्यांत शहाणी वाटते. एलएससीएफजी या कमांडला कार्डाचे नाव दिले की ‘नेटवर्क अॅड्रेस’ या ओळीत सोळा अंक येतात, मधे एकही विसर्गचिन्ह नाही. आणि त्याच उत्तरात लोकेशन कोडही येतो, ज्याच्या शेपटाला पी१-सी२-टी१ असे काही असते. पी म्हणजे कोणता बोर्ड, सी म्हणजे कोणता स्लॉट, टी म्हणजे कार्डावरचे कितवे पोर्ट. नाव आणि जागा एकाच पडद्यावर. एआयएक्स ज्यावर चालते त्या पॉवर सर्व्हरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ‘सी२ चे टी१’ एवढे सांगितले तरी त्याचा हात योग्य केबलवर जातो. इतर सिस्टिमवाल्यांनी हे इतके साधे का ठेवले नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे.

एचपी-यूएक्सवर आधी आयओस्कॅनने कार्डाची डिव्हाइस फाइल शोधायची आणि मग एफसीएमएसयूटिलला ती द्यायची. पोर्टचे आणि नोडचे नाव वेगवेगळ्या ओळींत स्पष्ट लिहून येते. सोलारिस १० पासून एफसीइन्फो आहे; त्याआधीच्या सोलारिसवर लक्सअॅडम किंवा पीआरटीकॉन्फच्या लांबलचक उत्तरातून वेचावे लागते. विंडोज सर्व्हर २०१२ पासून पॉवरशेलमध्ये गेट-इनिशिएटरपोर्ट ही एक ओळ पुरते. तिच्या उत्तरात आयस्कझीची नावेही त्याच तक्त्यात येतात, तेवढी बाजूला काढायची. व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआयमध्ये एफसी आणि टिंब, मग सोळा अंक, विसर्गचिन्ह आणि पुन्हा सोळा अंक अशी जोडनावाची पट्टी दिसते. त्यातले पहिले सोळा नोडचे, दुसरे सोळा पोर्टचे. घाईत माणूस पहिले उचलतो. हे वाक्य या पुस्तिकेत तीनदा येईल आणि ते मुद्दाम आहे.

ऑपरेटिंग सिस्टिम अजून चढलेलीच नाही, किंवा ती स्टोरेजवरूनच बूट व्हायची आहे, अशा वेळी काय? तेव्हा कार्डाच्या स्वतःच्या बायॉसमध्ये शिरावे लागते. क्यूलॉजिकच्या जुन्या कार्डांना कंट्रोल आणि क्यू. सर्व्हरचा व्यवस्थापन प्रोसेसर, म्हणजे आयलो किंवा आयड्रॅक, बहुतेक वेळा हे आकडे दाखवतो. आणि काहीच नाही तर कार्डावर चिकटवलेले लेबल आहेच. लेबल हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार, पण तो कार्ड बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतला सर्व्हर सांभाळणाऱ्या किंवा कार्यालयातून ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधली यंत्रे चालवणाऱ्या माणसाला तो उपयोगाचा नाही. म्हणून मशीन रॅकमध्ये चढवण्यापूर्वीच लेबलाचा फोटो काढून ठेवण्याची पद्धत ज्या ठिकाणी आहे, तिथली कामे निम्म्या वेळात होतात.

आकडा मिळाल्यानंतर तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंतचा प्रवास लहान दिसतो, पण माझ्या मते सगळ्यांत जास्त चुका याच टप्प्यात होतात. फोनवर सांगू नये हे पहिले. बी, सी, डी, ई या चारही अक्षरांचा शेवट एकाच स्वरात होतो. गोंगाटाच्या सर्व्हर रूममधून ती वेगळी ऐकू येत नाहीत, आणि मग ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ सुरू होते. पडद्याचा फोटो काढून पाठवणे याहून बरे, पण त्यात ८ आणि बी, ० आणि डी यांची फसगत होते, आणि समोरच्याला तो पुन्हा टाइप करावाच लागतो. मजकूर म्हणूनच पाठवावा. त्यातही एक्सेलपासून सावध. विसर्गचिन्हे काढलेला आणि योगायोगाने एकही अक्षर नसलेला आकडा, समजा ५००१४३८००४२५७८२२, एक्सेलच्या साध्या चौकोनात चिकटवला की एक्सेल त्याला संख्या समजते आणि पहिले पंधरा अंक ठेवून सोळावा शून्य करते. शेवटचा २ गेला, ० आला. हा बदल डोळ्यांना दिसत नाही, झोनही विनातक्रार तयार होतो, आणि सर्व्हरला लन काही दिसत नाही. चौकोनाचा प्रकार आधी ‘टेक्स्ट’ करावा, किंवा विसर्गचिन्हे ठेवूनच चिकटवावे. मागणी अर्जाच्या तक्त्यात हे आकडे वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने आपली जुनी फाइल एकदा उघडून शेवटचा अंक शून्य असलेल्या ओळी तपासाव्यात.

आकडा एका साक्षीदाराच्या तोंडून ऐकून थांबायचे नाही. सर्व्हर म्हणतो हे माझे नाव. स्विचला विचारावे, या पोर्टवर कोण लॉगिन झाले आहे. ब्रोकेडमध्ये स्विचशो आणि एनएसशो, सिस्कोच्या एमडीएसमध्ये फ्लॉगी डेटाबेस. स्टोरेजला विचारावे, तुझ्या दारात कोण येऊन गेले. तिघांचे उत्तर जुळले तरच नाव पक्के. न जुळण्याचे जे प्रकार आहेत त्यांत सर्वांत नेहमीचा म्हणजे उलटापालट झालेल्या केबली. सर्व्हरच्या दोन पोर्टपैकी एक ए फॅब्रिकला आणि दुसरे बी फॅब्रिकला जाते; दोन्ही फॅब्रिक एकमेकांपासून पूर्ण वेगळी, म्हणजे एक पडले तरी दुसरे चालू राहावे. आकडे दोन्ही बरोबर, झोन दोन्ही बरोबर, पण केबली अदलाबदल झालेल्या. मग ए मधल्या झोनमध्ये ज्याचे नाव आहे ते पोर्ट प्रत्यक्षात बी मध्ये उभे असते, आणि दोन्हीकडे कुणीच कुणाला भेटत नाही. अशा वेळी सर्व्हरवर बसून तोच आकडा पुन्हा पुन्हा काढण्यात अर्थ नसतो. स्विचला विचारले की दोन मिनिटांत उलगडा होतो. नाव आणि जागा यांची सांगड म्हणतो ती हीच.

झोन नावावर करावा की स्विचच्या पोर्टवर, हा जुना वाद आहे. पोर्टवर केला तर कार्ड जळून नवे घातले तरी झोनला हात लावावा लागत नाही, पण केबल हलवली की सगळे तुटते. नावावर केला तर केबल कुठेही हलवा, पण कार्ड बदलले की नवे नाव झोनमध्येही घालायचे आणि मास्किंगमध्येही. आज बहुतेक ठिकाणी नावावरच करतात आणि मलाही तेच पटते, कारण केबली हलवणारे हात पुष्कळ असतात. पण मग कार्ड बदलायला आलेल्या इंजिनिअरने जुन्या आणि नव्या कार्डाची नावे लिहून दिल्याशिवाय त्याच्या कागदावर सही करायची नाही, एवढी शिस्त हवी.

कारखान्यात कोरलेले नाव हीच ओळख, हे गृहीतक गेल्या वीस वर्षांत बरेच सैल झाले आहे. एचपीच्या ब्लेड सर्व्हरांत व्हर्च्युअल कनेक्ट, सिस्कोच्या यूसीएसमध्ये सर्व्हिस प्रोफाइल. दोन्हींत नाव कार्डाचे नसून प्रोफाइलचे असते. ब्लेड जळाले, दुसरे घातले, प्रोफाइल त्यावर चढवले, की नवे लोखंड जुन्याच नावाने फॅब्रिकमध्ये उभे राहते आणि स्टोरेजला कळतही नाही. सोय मोठी आहे. पण अशा सर्व्हरवर लेबलाला काही किंमत नसते. तिथे लेबल वाचणारा माणूस खरे बोलत असूनही चुकतो.

एनपीआयव्ही त्याच्याही पुढे गेले. एकाच खऱ्या पोर्टमागे अनेक आभासी पोर्ट, प्रत्येकाचे आपले नाव. आयबीएमच्या पॉवर मशीनवर प्रत्येक आभासी फायबर चॅनल कार्डाला सी०:५०:७६ ने सुरू होणाऱ्या दोन नावांची जोडी मिळते. एरवी त्यातले एकच कामावर असते. चालू पार्टिशन एका मशीनवरून दुसऱ्यावर हलवताना दुसरे नाव पुढे येते. म्हणून झोन आणि मास्किंग दोन्ही नावांचे करावे लागते, आणि इथेच अडचण असते : दुसरे नाव कधी लॉगिनच झालेले नसल्याने स्विचच्या यादीत ते दिसत नाही. स्टोरेजवाले म्हणतात असे नाव आमच्याकडे नाही, आणि त्यांच्या बाजूने ते बरोबरच असते. एचएमसीवरून, म्हणजे पॉवर मशीनच्या व्यवस्थापन कन्सोलवरून, त्या नावाला मुद्दाम लॉगिन करायला लावता येते, त्याची रीत पॉवरच्या प्रकरणात दिली आहे. शिवाय चालू पार्टिशनला आभासी कार्ड जोडून, नंतर प्रोफाइलमध्ये तेच पुन्हा हाताने लिहिले, तर दुसरीच जोडी तयार होते. पार्टिशन बंद करून सुरू केल्यावर डिस्क गायब. एकदा वापरलेली जोडी मशीन पुन्हा देत नाही. कार्ड काढण्याआधी ही आठवण ठेवावी.

पुस्तिकेचा मुख्य भर फायबर चॅनलवर आहे. तरी आयस्कझी आणि एनव्हीएमई यांना एक छोटे प्रकरण दिले आहे. आयस्कझीचे मानक २००४ मध्ये आले. तिथे नाव लोखंडावर कोरलेले नसून बहुधा एका फाइलीत लिहिलेले असते. आयक्यूएन, मग वर्ष आणि महिना, मग उलटे लिहिलेले डोमेन. ते फाइलीत असल्यामुळे माणसाला वाचायला सोपे आणि क्लोन करणाऱ्याला धोक्याचे. एका व्हर्च्युअल मशीनची नक्कल काढून दहा मशीन केली की दहांचेही नाव एकच, आणि मग एकाच लनवर दहा जण आपलाच हक्क सांगतात. एनव्हीएमईच्या एनक्यूएनची गत तीच. फायबर चॅनलवरून एनव्हीएमई चालवायचे असेल तर दोन्ही लागतात : झोनसाठी पोर्टचे जुने सोळा अंकी नाव, आणि जागा वाटण्यासाठी होस्टचे एनक्यूएन. एकच मागणारा अर्ज अपुरा.

एका प्रकरणाबद्दल वेगळे सांगायला हवे, ते शेवटून दुसरे : मशीन निवृत्त करणे. एचपी-यूएक्सचा नेहमीचा आधार कंपनीने २०२५ च्या अखेरीपर्यंतच ठेवला होता. जुनी सोलारिस आणि पॉवर मशीनेही ठिकठिकाणी उतरवली जात आहेत. त्यांचा डेटा नव्या पेटीवर हलवायचा असतो आणि त्यासाठी पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्डांची नावे हवी असतात. ज्याने ती पहिल्यांदा नोंदवली तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. झोनच्या टोपणनावात सर्व्हरचे जे नाव आहे ते मधल्या काळात दोनदा बदललेले असते. म्हणून बंद करण्याच्या यादीतल्या प्रत्येक मशीनवरून सर्व पोर्टची नावे, स्लॉटची जागा आणि दिसणाऱ्या लनची यादी बंद करण्यापूर्वी काढून घ्यावी. बटण दाबल्यावर सर्व्हर स्वतःचे नाव सांगू शकत नाही, थोड्याच वेळात ते नाव स्विचच्या नेम सर्व्हरमधूनही निघून जाते, आणि मागे झोनसेटमध्ये उरतो तो कुणाचा ते न कळणारा सोळा अंकी आकडा. तो काढायला कुणी धजत नाही. मोठ्या फॅब्रिकमध्ये असे शेकडो झोन साचतात, दर बदलाच्या वेळी ते सगळे स्विचमधून स्विचमध्ये जातात, आणि नवा माणूस त्यांना चालू सर्व्हर समजून सांभाळत राहतो. ते प्रकरण आधी वाचले तरी चालेल. ज्यांच्याकडे या वर्षी जुनी मशीने उतरवायची आहेत त्यांनी आधीच वाचावे.